तोंडात घास असताना

मागच्या महिन्यात गोंदियाला आम्हा अंगणवाडीच्या बायांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. जेवणानंतरची वेळ, डोक्यावर पंखा, पोटात भात. अर्ध्या बाया डुलक्या घेऊन राहिल्या होत्या. शिकवायला आलेल्या मॅडम नव्या होत्या, फार हौसेच्या होत्या. त्यांनी प्रत्येकीला एक कागद दिला. मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘माझी बलस्थाने’, उजवीकडे ‘माझ्या उणिवा’. “अगदी प्रामाणिकपणे लिहा हं,” मॅडम म्हणाल्या, “हे कोणी बघणार नाहीये.”

कोणी बघणारच नाही तर लिहायचं कायले, हे मी मनातच म्हटलं. माझ्या शेजारच्या बाईनं झटपट लिहून टाकलं. डावीकडे, ‘मी फार मेहनती आहे.’ उजवीकडे, ‘मी जरा जास्तच मेहनती आहे.’ झालं! पेनाला टोपण लावून ती परत डुलायला लागली.

माझा कागद कोराच. मॅडम जवळ आल्या. “काय झालं ताई, सुचत नाही का?” आता त्यांना काय सांगू? माझा हा कागद मी सतरा वर्षांची असतानाच भरून झाला होता. तो भरणाऱ्या बाईला स्वतःची सही येत नव्हती. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून, माझ्या तोंडात भाताचा घास कोंबून तिनं तो मला ऐकवला होता.

तिचं नाव सायत्रा. मुर्रीत, म्हणजे माझ्या माहेरी, ती सगळ्यांचीच सायत्राकाकी. आमच्या घरासमोरच घर. नवरा लवकर गेला, एका पोराला तिनं एकटीनं वाढवलं, पण ते सगळं मी सांगत बसत नाही. असं आमच्या गल्लीत आणखी दोन-तीन घरी होतं. काकीची काकी व्हायची ती रोवणीच्या दिवसांत.

आमच्याकडे सगळा धानाचाच कारभार. पावसाळ्यात एका कोपऱ्यात रोपं वाढवायची, मग ती उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत एकेक रोप हातानं रोवत जायचं. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला शेताचा तुकडा. वीस-बावीस बाया एका ओळीत वाकतात आणि रोवत रोवत मागं सरकतात. प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टी येते, ती तिची पात. आमच्या टोळीची मुखिया सायत्राकाकी. हाडं मोजून घ्यावीत इतकी किडकिडीत, पण आवाज असा की दोन बांध्यांपलीकडचे बगळे उडायचे.

सकाळी धुऱ्यावर सगळ्या जमल्या की ती दाताला तंबाखूचा गुडाखू घासत एकेकीकडे बघत राहायची. मग पचकन थुंकायची आणि सुरू. “पारबता, तू खोलगट जागी. भागरता, तू मालकाच्या तोंडासमोर.”

पारबता म्हणजे उंच, हाताची चपळ, पण रोप वरवर खोचायची. जरा पाणी वाढलं की तिची रोपं तरंगायची. म्हणून तिला खोल चिखलात, जिथं वरवर खोचलं तरी रोप आत जातंच. भागरता सगळ्यांत मंद, पण तिच्या पातीत एक जागा रिकामी सापडली तर शप्पथ. म्हणून मालक उभा असेल त्या बाजूला ती. मालक तिची पात बघून खूश व्हायचा आणि बाकीच्यांची बघायचं विसरून जायचा. मालती आणि सरिता या सख्ख्या जावा. त्यांच्यामध्ये कमीत कमी चार बाया. “या दोघी बाजूबाजूले ठेवल्या तं धान राहीन जुडीत अना भांडन उगवन बांधीत,” काकी म्हणायची. दोघी खो खो हसायच्या आणि लगेच कोण आधी सुरू करते यावरून भांडायला लागायच्या.

संध्याकाळी धुऱ्यावरून बघितलं तर सगळी बांधी एकसारखी दिसायची. कोणती पात कोणाची, कोणाचा हात कुठं कमी पडला, ते कळायचंच नाही.

टोळीत नवी कोणी आली की काकी अर्धा दिवस तिला काही बोलायची नाही, नुसती बघायची. दुपारी शिदोऱ्या सुटल्या की तिला जवळ बसवायची, आपल्या डब्यातल्या भाताचा चांगला लिंबाएवढा गोळा करून तिच्या तोंडात कोंबायची आणि मग सांगायची. आधी खोट, मग गुण. तोंडात घास असला की समोरचीला उलटून बोलता येत नाही. चावून गिळेपर्यंत ऐकावंच लागतं. “रिकाम्या तोंडानं कोनी आपली खोट आयकत नाई,” काकी म्हणायची. “तोंड रिकामं असलं का मानूस जबाबच देते.”

आणि एक गोष्ट तिला अजिबात खपायची नाही. खोट सांगायची ती तोंडावर. एकदा सरिता तिच्या कानाशी लागून मालतीबद्दल काहीतरी कुजबुजायला लागली. काकी तशीच उठली, मालतीला हाक मारली, तिच्या तोंडात घास घातला आणि सरिताला म्हणाली, “हं. तिचं तोंड बंद केलं म्या. बोल आता, जे बोलाचं ते.” सरिताच्या तोंडातून एक अक्षर निघेना. मालती डोळे वटारून चावून राहिली होती, आम्ही हसून हसून चिखलात बसायच्या बाकी होतो. त्या दिवसापासून टोळीत मागून बोलणं बंद झालं.

कृषी खात्याचे एक साहेबसुद्धा तिच्या घासातून सुटले नाहीत. ते दोरी लावून सरळ रांगेत रोवायचं शिकवायला आले होते, धुऱ्यावर उभे राहून. काकीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “साहेब, तुमची दोरी सीधी हाय, पन आमची बांधी वाकडी हाय. धानानं कोनाचं आयकाचं?” साहेब हसले, आमच्यासोबत जेवायला बसले, आणि झालं! हातावर नाही, थेट तोंडात घास. “तुमाले बूट काढाची लाज वाटते, साहेब. पन सांगता मन लावून.” दुसऱ्या दिवशी साहेब परत आले. बूट धुऱ्यावर काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली आणि चिखलात उतरले. काकीनं त्यांना एक पात दिली, आणि त्यांनी रोवलेलं सगळं संध्याकाळी भागरताकडून गुपचूप परत रोवून घेतलं.

माझी पाळी आली तेव्हा मला बारावीत इंग्रजीनं लोळवलं होतं. आई म्हणाली, घरात तोंड लपवून काय करतेस, चल रोवणीले. पहिल्या दिवशी माझ्या बाजूला एक लेकुरवाळी होती, मागं पडत होती. मी आपली पात सोडून तिच्या पातीत चार-चार रोपं टाकत होते. मला वाटलं, काकी बघेल आणि शाबासकी देईल. दुपारी तोंडात घास आला.

“वनिता, तुही खोट आयक. तुले दुसऱ्याची पात बघवत नाई. आपली अर्धी टाकून तू तिकडं हात घालतेस. तिनं मांगतलं का तुले? नाई मांगतलं. अशानं एक दिवस कोनाचं तरी नुकसान करशीन.” माझे डोळे भरून आले. घास गिळता येईना, थुंकता येईना. मग काकी म्हणाली, “अना गुन असा का, डोळा सीधा हाय तुहा. दोरी न लावता दोरीसारखी पात धरतेस. उद्यापासून माह्या डाव्या बाजूले.”

काकी नेहमी उजवीकडच्या धुऱ्याला लागून शेवटची पात घ्यायची. मुखियाची जागा ती. तिच्या डाव्या बाजूला म्हणजे तिच्या नजरेखाली, शिक्षाच की! मी आईजवळ पुष्कळ कुरकुर केली. आई म्हणाली, राह्य गुमान.

दोन रोवण्या गेल्या तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काकीची रोपं डावीकडे सरकत सरकत माझ्या पातीत येत होती. कधी उलटं व्हायचं, तिच्या आणि माझ्या मध्ये हातभर जागा रिकामी राहायची. मी काही न बोलता तिचं वाकडं रोप उपटून सरळ लावायची, रिकामी जागा भरून काढायची. मला वाटलं, वय झालं, हात चुकतो. मग एका दुपारी मी तिच्या डावीकडून पाण्याचा लोटा पुढं केला. ती बोलत राहिली. लोटा तिच्या गालापासून वीतभर अंतरावर, आणि तिला दिसतच नव्हता. मी उजवीकडून नेला तेव्हा चटकन घेतला.

मी लगेच नजर दुसरीकडे फिरवली. पण तिनं माझ्याकडे मान पूर्ण वळवून बघितलं, आणि मला कळलं की तिला कळलं. त्या दिवशी तिनं आपल्या डब्यातली लोणच्याची सगळ्यांत मोठी फोड माझ्या भातावर ठेवली. एवढंच. मी पाच रोवण्या तिच्या डाव्या बाजूला होते. माझ्या सीध्या डोळ्यासाठी तिनं मला तिथं ठेवलं होतं, आणि ज्या खोडीसाठी मला रडवलं होतं, तीच खोड तिची पात सांभाळत होती.

एकदाच मी धीर केला. “काकी, गोंदियाले डोळ्याच्या डाक्टरकडे जाऊ ना. मी येतो संगं.”

“कायले?”

“दाखवाले.”

“अना त्यानं सांगितलं का जाऊन राहिला डोळा, तं? मंग ते खरं होते ना बाई.” आणि मग आवाज एकदम खाली आणून, “रोवनीचे चाळीस दिवस हायत माह्याजवळ, वनिता. बाकी सालभर मी सुनंची सासू हाय. हे चाळीस दिवस नोको काढू.”

कोणाला सांगणार नाही असं मी तिला वचन दिलं. हात हातात घेऊन दिलं.

मग एका उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. सासर फुलचूर, म्हणजे काही सातासमुद्रापार नाही, आटोनं गेलं तर घटकाभर. पण सून रोवणीला माहेरी जात नाही. हळद लागायच्या आधी मला एकच काळजी, काकीच्या डाव्या बाजूला आता कोण? मी आईला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. डोळ्याचं, पातीचं, सगळं. “फक्त तू तिच्या बाजूले राहजो,” मी म्हटलं, “अना कोनाले सांगू नोको.” चांगलं काम केल्यासारखं वाटलं मला. मन हलकं करून मी बोहल्यावर चढले.

आईनं कोणालाच सांगितलं नाही, फक्त पारबताला सांगितलं. पारबतानं भागरताला. सगळ्यांनाच काकीबद्दल माया होती हो, वाईट कोणाच्या मनात नव्हतं. म्हणून तर सगळं वाटोळं झालं.

त्या वर्षीच्या रोवणीचा पहिला दिवस मला आईनं नंतर सांगितला. काकी धुऱ्यावर आली, गुडाखू घासला, थुंकली आणि नावं घ्यायला तोंड उघडलं, तर पारबता पुढं होऊन म्हणाली, “काकी, तुमी बसा आता. खूप केलं. लेकरं पाहा, चहा करा, आमी रोवतो.” सगळ्या म्हणायला लागल्या, हो काकी, बसा, आराम करा. एकीनं सतरंजीसुद्धा घरून आणली होती.

काकी सगळ्यांकडे मान वळवून वळवून बघत राहिली. मग विचारलं, “कोनं सांगितलं?”

आईनं मान खाली घातली. वीस बाया होत्या, काकीनं एकेकीच्या तोंडात घास घालून प्रत्येकीची खोट तोंडावर सांगितली होती. त्यांच्यातल्या एकीनंही तिची तिला सांगितली नाही. काकी सतरंजीवर बसली. दिवसभर लेकरं सांभाळली. चहा केला. आई म्हणते, चहा फार छान झाला होता. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

“काकीले आराम भेटला बाई एकदाचा,” आई मला फोनवर म्हणाली. तिचा आवाज खुशीत होता. मी फोन ठेवला आणि सासरच्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

पोळ्याला माहेरी गेले तेव्हा समोरच्या घरी जायला पाय उचलेना. गेले. काकीनं चहा दिला, सासू कशी आहे विचारलं, फुलचूरले पानी रोज येते का विचारलं. रोवणीचा शब्द नाही, रागाचा शब्द नाही. एक शिवी दिली असती, एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं! पण नाही. मी वचन मोडलं हे तिला माहीत होतं, माझ्याशिवाय कोणाला ठाऊकच नव्हतं ना डोळ्याचं. तरी ती मला वर्षामागून वर्षं चहा देत राहिली. मीही आपली प्यायची आणि परत यायची. “काकी, मी चुकले,” हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. माझी एक खोट काकीनं सांगितली होती. ही दुसरी माझी मला सापडली.

चौथ्या वर्षी आईचा निरोप आला, काकीनं अंथरूण धरलं, जेवत नाही. रोवणी शेवटाला आली होती. मी डब्यात भात आणि लाखोळीची डाळ घेतली आणि आटो करून गेले. आटोवाल्याला म्हटलं, थांब जरा, लगेच परत जायचं आहे.

काकी मागच्या अंगणात खाटेवर बसली होती. सून कामावर. दुसरा डोळाही जवळपास गेलाच होता. चेहरा पार लहान झाला होता. अंगणामागं बांध्या सुरू होतात. तिथून बायांचा गलका येत होता.

“वनिता होय?” पावलावरून ओळखलं तिनं. “बस. आयक. मालती अना सरिता बाजूबाजूले हायत.”

मी कान दिला. खरंच, दोघींचं कडाक्याचं जुंपलं होतं.

“कोन लावते या बायायले पातीवर आता?”

“कोनीच नाई, काकी. आपापल्या मनानं उभ्या राहतेत.”

तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, “डबा आनला? वास येऊन राहिला.” मी डबा उघडून तिच्या हातात दिला. तिनं भात चाचपला, डाळ कालवली, तसाच लिंबाएवढा गोळा केला. मला वाटलं, आता माझ्या तोंडात येतो, आणि मी तोंड उघडलंसुद्धा. पण ती म्हणाली, “इतक्या जनींले म्या सांगितली. माही मले कोनीच नाई सांगितली. तू बाजूले होतीस. तू सांग.” आणि घास तिनं स्वतःच्या तोंडात घातला. हातानं खूण केली, बोल.

आधी खोट. “काकी,” मी म्हटलं, “तुमी सगळ्यायची खोट झाकून घेता. आपली मातर कोनाले झाकू देत नाई. एकटीनंच वागवता.” तिनं मान डोलावली. “अना काकी, मीच सांगितलं होतं आईले. म्याच केलं.” तिनं परत मान डोलावली, तशीच, जणू तेही तिच्याच खोटीत मोडतं. मग तिनं हात पुढं केला, माझा गुडघा सापडला, त्यावर थापटलं. म्हणजे, आता गुण सांग.

आणि मला बोलता येईना. सगळं तयार होतं, पण हुंदका असा आला की शब्द वर चढेना. मी पदर तोंडात कोंबला. काकी घास चावत नव्हती. चावला तर संपेल, आणि संपला तर माझी बोलायची वेळ जाईल, म्हणून तो गालात धरून बसली होती. बाहेर आटोवाल्यानं हॉर्न मारला. खरं सांगते, मला तेवढंच निमित्त पुरलं. “पोळ्याला येतो, काकी, तेव्हा सांगतो,” कसंबसं म्हटलं आणि उठले.

पोळ्याच्या चार दिवस आधी काकी गेली.

गोंदियाच्या त्या हॉलमध्ये मी शेवटी उजव्या रकान्यात माझ्या दोन्ही खोटी लिहिल्या. डाव्या रकान्यात माझं काही लिहिलं नाही. लिहिलं, ‘ती बावीस बायांना अशी उभी करायची, की कोणाचं कमी कोणाला दिसू नये. आणि तिचं कमी पडलं तेव्हा आम्ही तिला ओळीतून उठवलं.’ मॅडमनी कागद बघितले नाहीत. मी घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला.

आटोवाल्यानं हॉर्न मारला त्या दिवशी, अंगणाच्या फाटकापाशी पोचल्यावर मी मागं वळून बघितलं होतं. काकी खाटेवर तशीच ताठ बसलेली, मी उठून गेले ते तिला दिसलं नसावं, हॉर्न आणि गलक्यात ऐकूही आलं नसावं. तोंड मी बसले होते त्या बाजूला. गाल फुगलेला. घास अजून गिळला नव्हता.